अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून सर्वांत श्रेष्ठ कारकीर्द कोणाची?

माझं उत्तर: पॅट समिट, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षक. पुरुषांमध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या जॉन वुडन यांची 10 राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, समिट यांची 8. तरीही मी त्यांचंच नाव घेईन, कारण त्यांनी जवळपास शून्यातून सुरुवात केली.

1974 साली, अवघ्या 22व्या वर्षी त्यांच्या हाती संघ आला. पगार महिना 250 डॉलर. खेळाडूंचे कपडे धुवायचे, सामन्याला जाताना व्हॅनही स्वतःच चालवायची! एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) महिलांची स्पर्धा तर 1982 मध्ये सुरू झाली. आधी 1976च्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्य, मग 1984 मध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. टेनेसीचं पहिलं विजेतेपद मात्र 1987 मध्ये आलं, तेराव्या हंगामात. आज इतकी वाट कोणतं विद्यापीठ बघेल?

38 हंगामांत 1,098 विजय मिळाले. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळीच: त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. वर्गात दांडी मारली की सामन्यातून बाहेर.

2011 मध्ये अल्झायमर झाल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि त्यानंतरही एक अख्खा हंगाम त्या संघासोबत उभ्या राहिल्या. 2016 मध्ये, 64व्या वर्षी त्यांचं निधन झालं.