जाणीव आणि इच्छास्वातंत्र्य यांचं स्पष्टीकरण विज्ञान देऊ शकेल का?

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे माणसांची जाणीव घालवणं आणि परत आणणं हाच माझा धंदा. तरी तुमच्या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणवत नाही.

प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून सोडलं की पेशंट म्हणतो, "मॅडम, हात चुरचुरतोय." मग मी गाव कुठलं, मुलं काय करतात, असं काहीबाही विचारते. "धाकटा पुण्याला अस..." आणि वाक्य तिथंच तुटतं. पापणीच्या केसांवरून बोट फिरवते. पापणी हलली नाही की गेला. (ऑपरेशन थिएटरमध्ये 'गेला' म्हणजे झोपला. नातेवाइकांसमोर हा शब्द काढायचा नाही, हे पहिल्याच वर्षी शिकले.) दोन तासांनी शुद्धीवर आल्यावर तोच विचारतो, "ऑपरेशन कधी सुरू करणार?"

हे घडतं कसं, ते बरंच कळलंय. औषध मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवतं, पेशी थंडावतात, मेंदूचे लांबलांबचे भाग एकमेकांशी बोलेनासे होतात. पण पेशींच्या या बोलण्यातून हात चुरचुरल्याचं 'वाटणं' का उपजतं, हे कुणालाच सांगता आलेलं नाही. मेंदूतली जाणिवेची स्पष्ट खूण २५ वर्षांत सापडेल, अशी पैज क्रिस्टोफ कॉख या शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाशी लावली होती. २०२३ मध्ये तो हरला आणि कबूल केलेली वाइन त्याने मुकाट चामर्सच्या हवाली केली.

इच्छास्वातंत्र्याचं म्हणाल, तर 'ते नाही हे सिद्ध झालंय' असं छातीठोक सांगणारे बहुतेक बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाच्या १९८३च्या प्रयोगावर विसंबलेले असतात. वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं वाटलं तेव्हा घड्याळासारख्या तबकडीवर फिरणारा ठिपका कुठे होता ते सांगा, एवढाच प्रयोग. मेंदूतली विद्युत् लहर हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी चढायला लागायची. लोक मात्र सांगायचे ती वेळ जेमतेम २०० मिलिसेकंद आधीची. झालं, मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो अशी हाकाटी! पण ही लहर एका खेपेत दिसत नाही. कितीतरी हालचालींची सरासरी काढावी लागते, आणि तीही हात हलला तिथून मागे मोजत. मेंदूतले उगाचचे चढउतार एका उंबरठ्याला टेकले की हात हलतो, एवढं गृहीत धरलं तरी सरासरीत तशीच लहर उमटते, हे आरोन शर्गर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. म्हणजे ती लहर हा मेंदूचा निर्णयच असेल असं नाही. शिवाय मनगट कधी हलवायचं यात ठरवण्यासारखं असतं काय? माझे पेशंट ऑपरेशन करायचं की नाही यावर आठ-आठ दिवस घालवतात, मेहुण्याला विचारतात, पैशांची जुळवाजुळव करतात. लिबेटने डोक्याला लावलेल्या तारांना त्यातलं काय कळणार?

मला खरा छळतो तो वेगळाच प्रयोग. स्नायू लुळे करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा करकचून बांधला, तर ते त्या हातात उतरत नाही. सगळं शरीर लुळं, तेवढा हात मोकळा. मग भुलीतल्या पेशंटला सांगायचं, "ऐकू येत असेल तर माझा हात दाबा." २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६० जणांपैकी १२ जणांनी हात दाबला. त्यातल्या ५ जणांनी परत दाबून दुखतंय असंही सांगितलं. शुद्धीवर आल्यावर एकालाही काही आठवत नव्हतं.

मग दाबायचं ठरवलं कोणी? आणि ज्याला दुखलं, तो कुठे गेला?

हे वाचल्यापासून मी झोपलेल्या पेशंटशीही बोलते. "आता नळी घालतेय हं, काका." आमच्या सिस्टर आधी हसायच्या.