गाडी तेल गयी ऱ्हायनी भो! वाचकांचे प्रश्न, गॅरेजातली उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे प्रश्न एकाच रडगाण्याचे आहेत, गाडीखाली तेल पडतंय. बरोबर आहे, पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या चिखलात काय पडलं ते कळतच नाही, उन्हाळा लागून अंगण कोरडं पडलं की डाग दिसायला लागतात आणि मग सगळ्यांना एकदम गाडी आठवते. सहा प्रश्न निवडलेत. बाकीच्यांची उत्तरं यातच सापडतील.

प्रश्न : स्प्लेंडर आहे, नऊ वर्षं झाली. रोज घर ते मळा, मागे कधी खताची गोणी. डाव्या बाजूनं खाली तेल येतं, सकाळी रुपयाएवढा डाग असतो. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलून पूर्ण पॅकिंग किट टाकून देऊ. टाकू का? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

भाऊ, थांबा जरा. इंजिन खोलायची घाई करू नका, आधी गाडी धुवा. थट्टा नाही करत. तुमच्या गाडीचं इंजिन माझ्या डोळ्यासमोर आहे, चेनच्या कव्हरपाशी माती, तेल आणि पालापाचोळ्याचा बोटभर जाड थर बसलेला असणार, त्याच्यात कुठून तेल येतंय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, मेकॅनिक तर माणूस आहे, म्हणून तो म्हणतो सगळंच बदलू.

डिझेल आणि जुना ब्रश घ्या, थर खरवडून काढा, मग साबणाचं पाणी मारा, गाडी उन्हात पूर्ण वाळू द्या. वॉशिंगवाल्याकडे प्रेशरनं धुवायची असेल तर पाण्याची धार सीलवर, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर, आणि वायरिंगवर सरळ मारू देऊ नका. वाळली की घरातली टाल्कम पावडर घ्यायची, तोंडाला लावतो तीच, आणि इंजिनच्या डाव्या अंगाला सगळीकडे थापायची. दहा मिनिटं गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा, नंतर पाच-सात किलोमीटर चक्कर मारून या आणि टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळपट रेघ उमटलेली असते. त्या रेघेचं खालचं टोक बघत बसू नका, वरचं टोक बघा. तेल वजनानं खाली येतं आणि वाऱ्यानं मागं जातं, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका हाच खरा चोर, बाकी सगळे बघे.

डाव्या बाजूला माझा पहिला संशय पुढच्या स्प्रॉकेटमागच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकामागच्या) ऑइल सीलवर आहे आणि दुसरा गिअरच्या दांड्याच्या सीलवर. त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही, सील बाहेरूनच निघतं आणि बाहेरूनच बसतं. जुनं सील फेकू नका, त्याच्यावर बारीक आकडे असतात, समजा २०-३४-७ असे, म्हणजे आतला व्यास २०, बाहेरचा ३४ आणि जाडी ७ मिलिमीटर. ते आकडे दाखवून सील घ्या, 'स्प्लेंडरचं द्या' एवढ्यावर घेऊ नका, कारण मॉडेल बदलली की साईझ बदलू शकते. बसवताना आतल्या रबरी ओठाला थोडं ऑइल लावायचं आणि सील सगळ्या बाजूंनी सारखं दाबत आत घालायचं, हातोडीनं एका कडेला ठोकलं की ते वाकडं जातं आणि आठ दिवसात परत येरे माझ्या मागल्या.

आणखी एक, जे विचारलं नाहीये तुम्ही. तुमची चेन टाईट असणार. मागे लोड टाकला की मागचं चाक वर दबतं, चेन अजून ताणते आणि तो सगळा ओढा स्प्रॉकेटच्या शाफ्टवर येतो, बेअरिंग आणि सील दोन्ही मरतात. चेनला मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी ढील ठेवा, नाहीतर नवं सीलसुद्धा टिकणार नाही. नवं सील टाकण्याआधी शाफ्टवर नख फिरवून बघा, खाच लागली तर सील नवं असूनही गळणार, तिथं मात्र मेकॅनिकचं ऐकावं लागेल. आणि हो, चेनला तेल जास्त मारलं तर तेही उडून तिथंच साचतं, तसं निघालं तर मला शिव्या देऊ नका.

प्रश्न : मी दुकानात सीडी डिलक्सचा ऑइल फिल्टर मागितला तर दुकानदार हसला, म्हणे याला फिल्टरच नसतो. खरं का? मग तेल गाळतं कोण? (चोपडा)

दुकानदारानं हसायला नको होतं, पण बोलला ते अर्धं खरं आहे. १०० सीसीच्या या घराण्यात, स्प्लेंडर काय नि सीडी डिलक्स काय, बदलायचा कागदी फिल्टर नसतो. त्याऐवजी दोन गोष्टी असतात. एक खालची जाळी, जी मोठा कचरा अडवते. दुसरी क्रँकच्या, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकाला फिरणारी डबी, सेंट्रीफ्युगल फिल्टर. आपली आजी लोणी काढायला ताक घुसळते तसं समजा, फक्त इथं घुसळण हजारो फेऱ्यांची असते, तेल त्या डबीतून जातं तेव्हा धातूची बारीक पूड आणि काजळी जड असल्यामुळं भिंतीकडे फेकली जाते आणि तिथंच चिकटते. उघडून बघितलं तर आत काजळासारखा घट्ट लेप निघतो.

वाईट एवढंच की ही डबी आणि जाळी दोन्ही उजव्या क्लच कव्हरच्या आत आहेत. त्यामुळं 'ऑइल चेंज' म्हणून खालचा बोल्ट काढला, तेल सोडलं, नवं टाकलं, की काम झालं असं समजून वर्षानुवर्षं कोणी तिकडं बघतच नाही. मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला साफ करायची ते दिलेलं असतं. कव्हर उघडलं की पॅकिंग नवंच टाकायचं, आणि जुन्या पॅकिंगचे तुकडे स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचे नाहीत, अॅल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथूनच तेल पाझरतं.

प्रश्न : पल्सर १५०. कन्नड घाट चढून वेरूळला जायचं म्हणून एका गॅरेजवर ऑइल आणि फिल्टर बदलला, चाळीसगावच्या पुढं गेलो नाही तर बूट तेलानं ओला. फिल्टरच्या झाकणातून येतंय. गॅरेजवाला म्हणतो फिल्टर ड्युप्लिकेट होता. आता कुठला घेऊ? (कॉलेज विद्यार्थी, धुळे)

मित्रा, फिल्टर ड्युप्लिकेट असेलही, पण झाकणातून तेल येण्याचा दोष बहुतेक वेळा फिल्टरचा नसतो, झाकणाच्या रबरी रिंगचा असतो. ओ-रिंग म्हणतात तिला. जुनीच रिंग परत टाकली असेल, ती तापून तापून चपटी आणि कडक झालेली असते, किंवा खाचेतून निसटून झाकणाखाली चिमटली असेल. झाकण काढ आणि रिंग बोटांत दाबून बघ. नवी असेल तर गोल, मऊ, पिळली तरी परत जागेवर येते. जुनी असेल तर नखानं दाबल्यावर खूण राहते. नवी टाक, थोडं ऑइल लावून खाचेत बसव आणि स्क्रू एकेक पूर्ण न आवळता आळीपाळीनं थोडे थोडे आवळ. जोर नको, अॅल्युमिनियमचे आटे आहेत, ते गेले की पाच रुपयांच्या रिंगचं काम हेलिकॉइलपर्यंत, म्हणजे तारेचे नवे आटे बसवण्यापर्यंत, जातं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून सांगतो. शिकाऊ होतो तेव्हा ट्रॅक्टरचा डब्यासारखा फिल्टर बदलला, जुन्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं ते बघितलंच नाही, त्याच्यावर नवा रबरासकट आवळला. दोन रबरं एकमेकांवर. चालू केला आणि अर्ध्या मिनिटात अंगणात तेलाचं तळं, त्या दिवशी जेवायलासुद्धा कोणी विचारलं नाही. मोठ्या बाईकला, इंटरसेप्टर ६५० सारख्या, असा आट्यांचा डबा असतो, तिथं हे लक्षात ठेवा.

आता फिल्टर कुठला. तुझ्या गाडीच्या पार्ट नंबरचा, बस. 'दिसायला सेम' हे फिल्टरच्या बाबतीत काही कामाचं नाही. उंची दोन मिलिमीटर कमी असली तरी तो स्प्रिंगखाली हलतो आणि तेल गाळण्याऐवजी बाजूनं निघून जातं, बाहेरून काही कळत नाही. हातात घेतला की हे बघ : कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत का, टोकाच्या चकतीला डिंक सगळीकडून पकडलाय का, मधल्या भोकाचं रबर मऊ आहे का. घड्या एका बाजूला गोळा झाल्या असतील तर परत दे. नावाजलेल्या फिल्टर कंपनीचा, तुझ्या मॉडेलसाठीच असलेला, बिलासकट मिळाला तर तोही चालेल, कंपनीचाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण बिनबिलाचा, डब्यावर अक्षरं पुसट, किंमत तिसरा हिस्सा, असला घेऊ नको. आणि कागदी फिल्टर पेट्रोलनं धुवून परत बसवणारा कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून निघ.

बसवण्याची दिशा असते हेही लक्षात ठेव. पुष्कळ फिल्टरना एका बाजूला भोक आणि दुसरी बाजू बंद असते, काहींवर बाहेरची बाजू कुठली ते छापलेलं असतं. उलटा बसला तर इंजिनला तेलच नीट पोचत नाही, गाडी चालू होते, मस्त वाटते, आणि घाटात वर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, वाजायला लागतात. तू बूट ओला झाला तिथंच थांबलास हे बरं केलंस. आता त्यात तेल किती उरलंय ते बघितल्याशिवाय गाडी चालू करू नको, आणि मागच्या टायरवर तेल उडालंय का तेही बघ, टायरवर तेल असेल तर वळणावर गाडी आडवीच होते.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडं ऊन इतकं असतं की तेल पातळ होऊन गळतं. कारचं जाड ऑइल टाकलं तर गळती थांबेल का? (शहादा)

नाही. मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणं ग्रेड दिलेला असतो, त्याच्या बाहेर जाऊ नका, जाड तेलानं फाटलेलं सील शिवलं जात नाही. आणि कारचं तर अजिबात नको. आपल्या बाईकचा क्लच तेलातच बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारं औषध असतं, मग क्लच घसरतो, रेस वाढते पण गाडी पुढं जात नाही. डब्यावर जासो (बाईकच्या तेलाचा जपानी मापदंड) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. हा मापदंड १९९८ पासून आहे, तो याच भानगडीसाठी आला. गिअरच्या बाईकला एमए, बिनगिअरच्या स्कूटरला एमबी.

प्रश्न : माझ्या स्कूटीखाली फरशीवर डाग पडतो. मिस्टर म्हणतात एसीचं पाणी असेल. स्कूटीला एसी कुठं असतो? (शिक्षिका, अमळनेर)

ताई, मिस्टरांना वहीचा एक कोरा कागद द्या आणि रात्री डागाच्या जागी ठेवायला सांगा. सकाळी रंग आणि वास बघा. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. पिवळसर, आणि वास उग्र, गंधकासारखा असेल तर मागच्या चाकाच्या गिअरचं ऑइल, स्कूटरला ते वेगळं असतं. हा डाग मागच्या चाकाच्या अगदी खाली असेल तर गाडी वापरू नका, कारण ते सील गेलं की तेल मागच्या ब्रेकमध्ये उतरतं आणि ब्रेक दाबला तरी चाक धरत नाही. हे थांबवून ठेवायचं काम नाही, त्याच दिवशी दाखवा. पाणीच निघालं तर मिस्टरांची माफी मागा.

प्रश्न : वडिलांची जुनी बुलेट आहे, लोखंडी इंजिनची. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी घेतली होती. सगळीकडून तेल येतं, डावं झाकण, वरून, खालून. तीनदा पॅकिंग बदललं. सगळे म्हणतात बुलेट तेल गाळणारच, गाळणं थांबलं तर समजायचं तेल संपलं. (भुसावळ)

हा विनोद मी पण मारतो, पण तीनदा पॅकिंग बदलूनही तीन ठिकाणांहून येत असेल तर पॅकिंगचा दोष नाही, आतला दाब बाहेर पडत नाहीये. पिस्टन खाली येतो तेव्हा खालची हवा दाबली जाते, तिला बाहेर जायला ब्रीदर असतो. जुन्या बुलेटला त्या पाईपच्या टोकाला काळं रबर असतं, बदकाच्या चोचीसारखं चपटं. हवा बाहेर सोडायची, आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. ते कडक होऊन चिकटलं, किंवा कोणी पाईप दुमडून फ्रेमला बांधून ठेवला, की हवा जिथं वाट मिळेल तिथून तेलासकट निघते. आधी ती चोच बोटांत धरून उघडमीट करून बघा. तडकलेली असेल, चिकटलेली असेल तर बदला, किरकोळ पैशांची वस्तू आहे.

डाव्या झाकणाचं वेगळं आहे. प्राथमिक चेनचं (इंजिनकडून क्लचकडं जाणाऱ्या आतल्या चेनचं) ते झाकण मधल्या एकाच नटवर आणि कडेच्या एका मोठ्या रबरी पट्टीवर बसलेलं असतं. गळतं म्हणून लोक नट अजून आवळतात, मधोमध झाकण आत दबतं, कडा वर उचलते आणि जास्तच गळतं. काढून काचेवर पालथं ठेवा, कडा कुठं उचललीय ते कळेल, हलक्या हातानं सरळ करून नवी पट्टी टाका. वरून सिलिकॉनची नळी पिळू नका, त्याचे तुकडे आत सुटतात आणि तेलाची वाट अडवतात.

हे दोन्ही करूनही गळालं, आणि रेस दिल्यावर सायलेन्सरमधून निळा धूरही येत असला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, मग मात्र हेड उघडावं लागेल. पण आधी चोच बघा आणि काय निघालं ते कळवा.