झीरो टॉलरन्स ०३०० : बंद झालेल्या या दणकट घडीच्या चाकूवर शौकीन अजून का लट्टू आहेत, आणि जुना मिळाला तर घ्यावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कारखान्याने ०३०० बनवणं बंद केलं तरी लोक त्याच्या मागे का, आणि तुम्ही अमेरिकेत आहात, तिथे एक वापरलेला मिळतोय, तो घ्यावा का. थोडक्यात सांगायचं तर रोजच्या कापाकापीसाठी घेऊ नका. यंत्र म्हणून आवडत असेल तर जरूर घ्या, पण तपासून.

झीरो टॉलरन्स हा काई यूएसए या चाकू कंपनीचा ब्रँड, म्हणजे तिच्याच कर्शॉ ब्रँडचा भाऊ. २००६ साली तो बाजारात आला तेव्हा ०३०० हा त्याचा चेहरा होता. ऑरेगनमधल्या टुआलाटिनच्या कारखान्यात तो बनायचा. स्ट्रायडर नाइव्ह्ज ही चाकू कंपनी आणि चाकूंचे रचनाकार केन ओनियन यांनी मिळून तो बेतला: जाडजूड, दांडगा बाज स्ट्रायडरचा आणि पातं झटक्यात उघडणारी स्पीडसेफ यंत्रणा ओनियन यांची. पातं सुमारे ९.५ सेंटिमीटर, त्याची जाडी ४ मिलिमीटर, मिटल्यावर लांबी साधारण १२.७ सेंटिमीटर आणि वजन २३० ग्रॅमच्या आसपास. मुठीची पुढची बाजू जी-१० ची (काचतंतू आणि रेझिनचा कडक थर), मागची टायटॅनियमची, आणि त्या टायटॅनियमच्याच पट्टीला काप देऊन फ्रेम लॉक केलेला, म्हणजे उघडल्यावर ती पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकून त्याला मिटू देत नाही. ०३०१ आणि ०३०२ ही त्याचीच भावंडं. फरक मुख्यतः रंगाचा आणि पात्यावरच्या लेपाचा, आतलं यंत्र तेच.

आता हा चाकू कापायला कसा आहे? खरं सांगायचं तर बेताचाच. ४ मिलिमीटरचं पातं धारेकडे उतरतानाही जाडच राहतं, त्यामुळे सफरचंद कापताना ते फोड करत नाही, फाकवतं. जाड पुठ्ठ्यात पातं निम्म्यावर गेलं की अडतं. त्याच लांबीच्या आसपासचा स्पायडर्कोचा पॅरा मिलिटरी २ निम्म्या वजनात हे काम जास्त सफाईने करतो. शौकिनांना हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. त्यांना आवडतो तो त्याचा भरीवपणा: मुठीत कुठेही हाताला पोकळ न लागणं, पातं उघडताना येणारा जड ‘खट्’, पिव्हटभोवतीचे (पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्याभोवतीचे) ब्राँझचे वॉशर, हातमोजे घालूनही सापडणारा फ्लिपर, म्हणजे पातं उघडायला बोटाने दाबायचा पात्याचाच उंचवटा. पुढे २०११ च्या सुमारास त्याच ब्रँडने चाकूनिर्माते रिक हिंडरर यांच्या आराखड्यावरून ०५६० काढला. पातं तेवढंच लांब, पण वजन १६५ ग्रॅमच्या घरात, आणि वॉशरऐवजी बॉल बेअरिंग. चाकू म्हणून तो सरसच. पण बेअरिंगमध्ये वाळू किंवा खिशातली भुकटी गेली की लगेच कचकच जाणवते. ब्राँझचा सपाट वॉशर तीच घाण निमूट सोसतो. ०३०० ची बाजू घेणारे हा मुद्दा काढतात तेव्हा मला तो पटतो. बाकीचा बराचसा भाग हौसेचा आहे, आणि हौसेला हिशोब विचारू नये.

पोलाद एस३०व्ही. पोलाद बनवणाऱ्या क्रुसिबल कंपनीच्या डिक बार्बर यांनी चाकूनिर्माते ख्रिस रीव्ह यांच्या सल्ल्याने खास चाकूंसाठी ते तयार केलं, २००१ च्या सुमारास. कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४, मॉलिब्डेनम २. (फ्रेम लॉकची कल्पनाही याच रीव्ह यांची, १९९० पासूनच्या सेबेन्झा चाकूत ती रुळली. म्हणजे ०३०० मध्ये स्ट्रायडर आणि ओनियन यांच्याबरोबर रीव्ह यांचाही न छापलेला वाटा आहे.) व्हॅनेडियम कार्बाइडमुळे धार टिकते, पण तेच कार्बाइड नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. म्हणून स्वयंपाकघरातला दगड घासत बसलात तर हात दुखतील आणि धार गुळगुळीत, न चावणारी येईल. हिऱ्याचा दगडच वापरा.

धार लावताना आणखी एक अडचण येते. ०३०० चं पातं मुठीजवळ किंचित आत वळलेलं आहे. रुंद सपाट दगडावर ओढलं तर दगडाची कड त्या वळणात खड्डा पाडते आणि मधला भाग तसाच राहतो. अडीच सेंटिमीटरपेक्षा अरुंद हिऱ्याची पट्टी किंवा गोल कांडी घ्या. आधी धारेवर मार्करने रेघ मारा. प्रत्येक बाजूला २० अंश धरून दोन-चार हलके हात मारा आणि शाई कुठे उरली ते बघा. खांद्याशी (धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथे) उरली तर कोन मोठा झालाय, अगदी टोकाशी उरली तर लहान. ४०० ग्रिटच्या पट्टीवर एका बाजूने पूर्ण लांबीभर बर (धारेवर उलटून येणारी धातूची बारीक कड) आला की मगच बाजू बदला. मग १००० वर हलक्या हाताने, आणि शेवटी १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावलेल्या चामड्यावर पाठीच्या दिशेने ओढा. या पोलादाचा बर चिवट असतो. तो नीट काढला नाही तर पहिल्या दिवशी केस कापणारी धार दुसऱ्या दिवशी दोरीवरून घसरते, आणि लोक दोष पोलादाला देतात.

आता जुना चाकू हातात आल्यावर काय बघायचं ते.

पहिली गोष्ट, तो खरा आहे का. झीरो टॉलरन्सच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. साधं लोहचुंबक मुठीच्या लॉकच्या बाजूला, खिशाला अडकवायच्या क्लिपपासून दूर, टेकवा. टायटॅनियमला ते चिकटत नाही. चिकटलं तर ती पट्टी पोलादाची आहे आणि पुढे बोलायची गरज नाही. नाही चिकटलं म्हणून खरा ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. वजन करा, पेचांच्या खाचा नीट कातलेल्या आहेत का बघा, पात्यावरची अक्षरं स्वच्छ आहेत का बघा.

मग लॉक. पातं सावकाश उघडा, नंतर झटक्याने उघडा, आणि दोन्ही वेळा टायटॅनियमची पट्टी पात्याच्या बुडाखाली किती सरकली ते पाहा. बुडाच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत सरकली असेल तर उत्तम. जवळजवळ पलीकडच्या मुठीला टेकली असेल तर लॉक झिजलाय, किंवा कोणीतरी पातं पहारीसारखं वापरलंय. पातं उघडं धरून पाठीवर अंगठ्याने मिटण्याच्या दिशेने दाब द्या, बोटं धारेच्या वाटेत न ठेवता. वर-खाली हललं तर ते पेच आवळून जाणार नाही. कारण तो दोष लॉकच्या टेकण्याच्या जागेत असतो. डावी-उजवीकडे हललं तर मात्र बहुधा पिव्हटच सैल असतो आणि ते दोन मिनिटांचं काम आहे. मिटताना लॉक चिकटत असेल तर टायटॅनियम पोलादाला घासून धरतंय. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा आणि लॉकच्या टोकावर शिसपेन्सिल फिरवा. बऱ्याचदा एवढं पुरतं. तिथे कानस चालवू नका. अर्धा मिलिमीटर गेला की लॉक कायमचा पुढे सरकतो.

आता यातला सगळ्यात नाजूक भाग: स्पीडसेफचा टॉर्शन बार. ही वाकवलेली बारीक पोलादी तार, एक टोक मुठीत, दुसरं पात्यात. पातं मिटलेलं असताना ती त्याला मिटलेलंच धरून ठेवते. तुम्ही फ्लिपर दाबून पातं थोडं बाहेर काढलंत की ताण उलटतो आणि तीच तार पातं उघडून देते. प्रत्येक वेळी ती पिळली जाते, त्यामुळे कधी ना कधी थकून तुटणार हे धरूनच चाला. गंज चढला किंवा ओरखडा पडला तर लवकर. तुटल्याची खूण ओळखायला सोपी आहे: पातं आळसावतं, निम्म्यावर थांबतं, आणि मिटलेलं असताना टोक बोटाने सहज उचलता येतं. असा चाकू खिशात ठेवणं धोक्याचं, कारण पातं आपोआप उघडू शकतं. म्हणून विकत घेण्याआधी दुकानात किंवा व्हिडिओ कॉलवर दहा-बारा वेळा उघडून दाखवायला सांगा. दर वेळी न अडखळता पूर्ण उघडून लॉक झाला पाहिजे.

मात्र पातं अडखळलं म्हणजे बारच गेला असं नाही. बऱ्याचदा पिव्हट जास्त आवळलेला असतो. त्याला पाव फेरीपेक्षाही कमी, अगदी केसभर सैल करा आणि पुन्हा बघा. किंवा कोणीतरी आत ग्रीस भरलेलं असतं. घट्ट ग्रीस या यंत्रणेचा वेग मारतं. हलक्या तेलाचा एक थेंब पुरतो.

खोलायचाच असेल तर आधी हे लक्षात घ्या की काई ग्राहकाने चाकू खोलणं पसंत करत नाही. वॉरंटीचा विचार करून ठरवा. टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) बिट चांगल्या प्रतीचे घ्या. पिव्हटचं आणि बाकी पेचांचं माप वेगळं असतं, आणि खाचेत डुलणारा बिट पहिल्याच जोराला खाच गोल करतो. पेच हलत नसेल तर त्यात लॉकटाइट, म्हणजे पेच सैल होऊ न देणारा गोंद, आहे. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक पेचाच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. धारेवर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या, डोळ्यांवर चष्मा लावा, पातं उघडं ठेवून काम करा आणि ताट किंवा मोठा ट्रे खाली घ्या, कारण बार उडतो आणि सतरंजीत गेला की सापडत नाही. मुठीची बाजू उचलायच्या आधी बार कोणत्या दिशेने बसलाय त्याचा फोटो काढा. वॉशर अल्कोहोलने पुसा, घासू नका. जुळवताना पिव्हटच्या पेचाला निळं लॉकटाइट, टाचणीच्या टोकाएवढं, आणि पूर्ण घट्ट व्हायला २४ तास द्या. लाल लॉकटाइट लावू नका. ते सोडवायला जी उष्णता लागते ती जी-१० ला सोसत नाही.

काही जण बार काढून टाकून चाकू पूर्णपणे हाताने उघडणारा करतात. करता येतं, पण मग मिटलेलं पातं धरून ठेवण्याचं काम दुसऱ्या कशाला तरी करावं लागतं. चाकू उलटा धरून हलका झटका द्या. टोक बाहेर येत असेल तर तो खिशात नेऊ नका.

एवढं जाड पातं पाहून पेटीचं झाकण उचकटायचा मोह होतो. ४ मिलिमीटरची जाडी पाठीला आहे, टोकाला नाही. शिवाय बाजूचा सगळा जोर पिव्हटवर आणि लॉकच्या कापलेल्या पातळ जागेवर येतो. लाकडावर ठेवून वरून हातोडा मारणं तर कोणत्याच घडीच्या चाकूला सोसत नाही, मग तो कितीही दणकट असो.

किमतीचं म्हणाल तर रंगापेक्षा आणि डब्यापेक्षा बार आणि लॉक यांना पैसे मोजा. ठरवण्याआधी काईच्या दुरुस्ती विभागाला मॉडेलचा क्रमांक सांगून बार मिळेल का ते विचारा. मिळणार नसेल आणि आहे तो बार आळसावलेला असेल, तर तो फक्त कपाटात ठेवायचा चाकू समजून भाव करा. पात्यावरच्या काळ्या लेपाचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका. त्यावरून भाव पाडता येतो आणि कामात काही बिघडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या १९५८ च्या स्विचब्लेड कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली आणि मिटण्याकडे कल असलेले, हाताने पात्याला जोर देऊन उघडावे लागणारे चाकू त्यातून वगळले गेले. ०३०० त्यात बसतो. पण हा झाला केंद्राचा कायदा. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असतात, ते तुमच्या पत्त्यानुसार वाचा. विमानात केबिन बॅगेत तो चालत नाही. सुट्टीत भारतात न्यायचा विचार असेल तर आधी कस्टमकडे लेखी चौकशी करा. उघडायला स्प्रिंगची मदत घेणारा चाकू विमानतळावर समजावून सांगणं कटकटीचं आहे.