डॉक्टर न होता आरोग्याचा अभ्यास: ग्लोबल हेल्थ पदवीला घ्यावं का?

प्रश्न असा आहे: "मी पुण्यात बारावी सायन्सला आहे. नीटची तयारी चालू आहे, पण मन लागत नाही. परदेशी विद्यापीठांची माहिती वाचताना ग्लोबल हेल्थ नावाचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दिसला आणि फार आवडला. घरचे म्हणतात, सगळ्यातलं थोडं थोडं शिकून शेवटी हातात काहीच राहत नाही. खरं आहे का?"

वयाने लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते. मी हाच मेजर घेऊन अमेरिकेत पदवी केली. संख्याशास्त्र हा सोबतचा दुसरा मेजर होता. आता पुण्यात परत येऊन आरोग्याच्या सर्वेक्षणांवर काम करते. तुझ्या घरच्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. कोणतं अर्धं, ते पुढे सांगते. आधी हा विषय आहे तरी काय, ते बघू.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले होते, ते तुला आठवत असेल. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. त्या रुग्णाला वाचवणं हे न्यूरॉलॉजिस्टचं आणि आयसीयूतल्या सिस्टरांचं काम. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, ते प्रयोगशाळेचं काम. पण रुग्ण तिथेच का वाढले? किरकटवाडी, नांदेड ही गावं २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आली. तिथली माणसं कोणत्या विहिरीचं पाणी पितात, टँकर कुठे भरतो, सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, क्लोरीन टाकायची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न कोणत्या ओपीडीत सुटणार? ते सोडवायला जंतूची ओळख लागते, नकाशा लागतो, महापालिकेचा कारभार कळावा लागतो, आणि दारात उभं राहून बाईशी नीट बोलता यावं लागतं. हे सगळं एकाच प्रश्नासाठी शिकायचं, असा हा मेजर आहे.

"ग्लोबल" म्हणजे परदेशी, हा समज मात्र आधी काढून टाक. माझाही होता. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या लशीचं प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो गेला. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात, कोरड्या ऋतूत, मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण झाले आणि सुमारे २५ हजार माणसं गेली. श्रीमंत देशांत मेनिंजायटिसच्या चांगल्या लशी बनत होत्या, पण या पट्ट्यातल्या 'ए' प्रकारासाठी कोणी बनवत नव्हतं, कारण घेणारे देश गरीब. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून एक प्रकल्प हाती घेतला. त्यांनी आधी त्या देशांना विचारलं, तुम्हाला किती किंमत परवडेल? उत्तर आलं, एका डोसला ५० सेंटपेक्षा कमी. मग त्या किमतीला कोण बनवेल याचा शोध सुरू झाला. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. लशीचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेतल्या शास्त्रज्ञांकडून आलं आणि लस बनली आपल्या हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत १ ते २९ वर्षांच्या लोकांना ती द्यायला सुरुवात झाली.

पुढचा तपशील मला सगळ्यात आवडतो. जिथे वीज नाही तिथे बर्फ कुठून आणणार? अभ्यास करून, तपासून, या लशीला शीतपेटीबाहेर ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस ठेवायची परवानगी मिळाली. लसीकरणाला जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावरचं बर्फाचं ओझं गेलं. त्या पट्ट्यातला 'ए' प्रकारचा मेनिंजायटिस आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. यात जीवशास्त्र किती आणि अर्थशास्त्र किती, ते वेगळं काढून दाखव बघू! मी हडपसरच्या रस्त्याने लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन, आणि ही गोष्ट मला सात समुद्रापार एका वर्गात कळली.

तसंच पुण्याजवळच्या सहा गावांचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण इथल्या बाळांचे स्नायू कमी असले तरी अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं. पुढे मधुमेह आपल्याकडे इतका का, याचं एक उत्तर इथे आईच्या पोटापर्यंत मागे जातं. त्यात ब-१२ जीवनसत्त्व येतं, शेतावरचं काम येतं, आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी सूनही येते. वाचनाच्या यादीत पुण्याचं नाव बघून मी वसतिगृहाच्या खोलीत आईला फोन लावला होता.

आता वर्गात काय असतं ते थोडक्यात. रोगपरिस्थितीविज्ञान, म्हणजे एपिडेमिऑलॉजी, हा कणा. त्याशिवाय संख्याशास्त्र, आरोग्याचं अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, नीतिशास्त्र, पर्यावरण, थोडा इतिहास. इतिहासाच्या पेपरला मी १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर लिहिलं. घरात शिरून होणाऱ्या तपासणीच्या धास्तीने लोक आजारी माणसं लपवायचे. साथ आटोक्यात आणायला निघालेल्या कारभारानेच साथीची माहिती दडपली जाण्याची सोय केली होती. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. शाळेत हे दोन वेगळे धडे म्हणून शिकले होते, ते तेव्हा पहिल्यांदा एकत्र दिसले.

या विषयांचं एकमेकांशी नेहमी जमतं असं नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. आजाराचा भार मोजायला डॅली नावाचं एकक आहे. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणात काढलेली वर्षं यांची ती बेरीज. १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालातून ते जगभर पोहोचलं. सोमवारी आम्हाला ते गणित शिकवलं. बुधवारी मानववंशशास्त्राच्या बाईंनी विचारलं, म्हातारीचं एक वर्ष आणि पंचविशीतल्या मुलाचं एक वर्ष यांना वेगवेगळं वजन द्यायचं, हे ठरवलं कोणी? सुरुवातीच्या गणितात असं वजन खरंच होतं, पुढे ते काढून टाकलं. दोन्ही वर्ग केल्याशिवाय मला तो आकडा वापरताही आला नसता आणि त्याच्याशी भांडताही आलं नसतं.

तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी पुण्याच्या हद्दीवरच्या एका वस्तीत प्रकल्प केला. विषय डेंगीचा. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासा, असं सांगतात. माझी प्रश्नावली तयार होती: घरात ड्रम किती, झाकण आहे का, अळ्या आहेत का, कोरडा दिवस माहीत आहे का. संमतीपत्र इतक्या जड मराठीत होतं की दोन बायकांनी विचारलं, जागेचा कागद आहे का हा? त्या रात्री बसून मी ते पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या दिवशी एका ताईंनी मला ड्रमपाशी नेलं आणि म्हणाल्या, "ओतून देते की, आत्ता ओतते. पण उद्या पाणी आलं नाही तर पोरांना आंघोळ कशाने घालू?" मी विचारलं, पाणी येतं कधी? त्या म्हणाल्या, "चावीवाला येईल तेव्हा." म्हणजे पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. कोरडा दिवस सगळ्यांना तोंडपाठ होता. पाण्याचा दिवस कोणालाच माहीत नव्हता. माझ्या प्रश्नावलीत चावीवाला कुठेच नव्हता!

मग मी दोन दिवस चावीवाल्या काकांबरोबर फिरले. लाइनच्या शेवटच्या घरांना दाब कमी मिळतो. तिथे ड्रम जास्त, आणि अळ्याही तिथेच जास्त सापडत होत्या. प्रश्नावली बदलली, मार्गदर्शकांची परवानगी पुन्हा घेतली, आधीच्या घरांना पुन्हा गेले. सुट्टी त्यातच संपली. मी निघायच्या आधी त्या ताईंनी चावीवाल्या काकांना वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं होतं.

आता घरच्यांचं अर्धं खरं. माझ्याबरोबर हा एकच मेजर घेऊन बाहेर पडलेले काही जण होते. विषमता, न्याय, धोरण यावर ते सुंदर बोलायचे, पण समोर आकड्यांची फाइल आली की अडायचे. पहिल्या नोकरीसाठी त्यांना फार वणवण करावी लागली. म्हणून एक खुंटी पक्की ठोकून घे: संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अर्थशास्त्र, किंवा समाजशास्त्र असेल तर खरं, गावात राहून केलेलं. बाकी सगळं त्या खुंटीला टांगता येतं. काही अमेरिकी विद्यापीठांत तर हा मेजर दुसऱ्या मेजरच्या जोडीनेच घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये मेडिकलचे विद्यार्थी मध्येच एक वर्ष काढून ग्लोबल हेल्थची बीएस्सी करतात. त्यांची खुंटी आधीच ठोकलेली असते.

दुसरं, ही पदवी घेऊन तू कोणाला औषध देऊ शकणार नाहीस. ऐकायला साधं वाटतं, पण स्वतःला खरं विचार. रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहायची ओढ असेल तर नीटची तयारी मनापासून कर, नाहीतर नर्सिंगचा विचार कर. तेही मोठं काम आहे. नीटवर राग काढायला म्हणून हा विषय घेऊ नकोस.

पैशाचं स्पष्टच सांगते. मला शिष्यवृत्ती होती. ती नसती तर गेले नसते, आणि घर गहाण टाकून या पदवीसाठी परदेशी जा असं मी कोणालाही सांगणार नाही. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पांवरच्या, कंत्राटी असतात. माझा पहिला प्रकल्प अनुदान थांबलं म्हणून मध्येच बंद पडला आणि चार महिने घरी बसले.

पुण्यात राहून हाच अभ्यास होतो. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरसोबत मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, घेता येतो. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र मेजर, समाजशास्त्र किंवा पर्यावरण मायनर, अशी जोडणी कर. मग एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, कर. अनेक ठिकाणी डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, मुंबईत टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) आहे, तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन सेंटर आहे. लोकसंख्येच्या आकड्यांची गोडी लागली तर मुंबईत देवनारची आयआयपीएस, ही लोकसंख्येच्या अभ्यासाचीच संस्था. आणि राज्यात बघण्यासारखं केवढं आहे! आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेलं काम बघ. गावातल्या, कित्येकदा निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू कमी झाले. जग हे शिकायला इथे येतं.

ठरवण्याआधी एक कर. जवळच्या आरोग्य केंद्रात लसीकरणाचा दिवस कोणता ते विचार, तिथल्या मॅडमची परवानगी घे आणि सकाळभर एका आशाताईंबरोबर फिर. वहीत फक्त तुला पडलेले प्रश्न लिही, उत्तरं नकोत. वही भरली तर मला इथेच कळव, सोबत ज्या कॉलेजांचा विचार करतेस त्यांचे अभ्यासक्रमही पाठव. संख्याशास्त्राचे पेपर किती आणि कोणत्या सत्रात आहेत, ते आपण आधी बघू.