जुनी पेडल स्टील गिटार घेतलीत? आधी एवढंच करा

अभिनंदन! सत्तरच्या दशकातली शो-बड कंपनीची पेडल स्टील (आडवी ठेवून, पेडलनं तारांचा सूर बदलत वाजवायची गिटार) हाती लागली, नशीब काढलंत. पहिला महिना मात्र खालच्या, पेडलची ओढ तारांपर्यंत नेणाऱ्या रॉडना हात लावू नका. माझे हात शिवशिवले, आणि दोन आठवडे गिटार उलटी पडून होती.

- मोकळ्या तारा डावीकडच्या खुंट्यांवर जुळवा. पेडलचा सूर पेडल दाबून धरूनच, उजव्या टोकाच्या नायलॉन नटवर. नवखे नेमके इथेच घोळ घालतात. (एमन्स कंपनीच्या पुश-पुल प्रकारच्या गिटारचं गणित वेगळं, ते नंतर.)
- ई-नाइन या जुळणीतली (तारा लावायच्या पद्धतीतली) तिसरी तार, ०.०११ इंचाची, सारखी तुटते. चार-पाच जास्तीच्या ठेवा.
- सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. गंजाचा स्प्रे नको, पुढे चिकटा धरतो.

पेडल जड वाटलं तरी काही खोलू नका, फोटो पाठवा.