स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये प्रॉपर्टीची नावं सुचवणारं टूल कोणतं?

व्हीएस कोड किंवा एक्लिप्स हा कोड एडिटर वापरत असाल तर ‘स्प्रिंग टूल्स’ टाका, मोफत आहे. नाव अर्धं टाइप केलं की पुढचं सुचवतं आणि अनोळखी नावाखाली रेघ ओढतं. ही रेघ फार मोलाची. एरवी नाव चुकलं तरी अ‍ॅप्लिकेशन बहुतेकदा एरर न देता सुरू होतं आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

टूलला ही नावं जार फाइलींमधल्या (जावा लायब्ररींच्या पॅकेजमधल्या) मेटाडेटातून, म्हणजे प्रॉपर्टींच्या नोंदींतून कळतात. म्हणून तुमच्या स्वतःच्या प्रॉपर्टी क्लासमधली नावंही सुचायला हवी असतील, तर ‘स्प्रिंग बूट कॉन्फिगरेशन प्रोसेसर’ ही डिपेंडन्सी (प्रोजेक्टला लागणारी लायब्ररी) जोडून एकदा बिल्ड करा, म्हणजे त्यांचाही मेटाडेटा तयार होईल. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

आणि कॉन्फिगरेशन फाइल याम्ल (YAML) प्रकारची असेल तर इंडेंटसाठी टॅब चालत नाही, स्पेसच द्या.