पाणी चार दिवसांनी येतं, मग कापडी पॅड धुवायचे कसे?

“ताई, कापडानं इन्फेक्शन होतंय म्हणत्यात. खरंय का ओ?” सोलापुरात समुपदेशनाला येणाऱ्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलला शिलाई मारणाऱ्या एका पंचविशीतल्या सुनेनंही तोच विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बाजारातल्या पॅडमुळे ऐन उन्हाळ्यात जांघेत पुरळ यायचं, म्हणून तिनं चार कापडी पॅड घेतले. पुढच्या दोन पाळ्यांत खाज आणि वास सुरू झाला. घरच्यांनी कापडाला दोष दिला.

खाज, वास किंवा वेगळा स्राव असेल तर आधी डॉक्टर. स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झाल्यावरच आम्ही पॅडकडे वळलो.

“वाळत कुठं घालतेस?”

“मोरीत, साडीखाली. सासरे, दीर घरात असतात ना ओ.”

इथंच सगळं अडलं होतं. कापड नीट धुतलेलं आणि कडक वाळलेलं असेल तर ते त्रास देत नाही. दमट राहिलेलं कापड मात्र जंतूंना आयतं घर मिळवून देतं. चारच पॅड असल्यामुळे ती ओलसरच परत लावत होती. शिवाय तिच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. या शहरात ‘भरपूर पाण्यात धुवा’ असा सल्ला देऊन भागत नाही.

मग आम्ही पाण्याचा हिशेब बसवला. कपडे खळबळल्यावर उरलेलं शेवटचं पाणी टाकायचं नाही, त्यात पॅड अर्धा तास भिजवायचे. पाणी गारच हवं, गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो. ते पाणी संडासात ओतायचं. मग साबण लावून चोळायचं आणि शेवटचं खळबळणं तेवढं स्वच्छ पाण्यात. कपडे मऊ करणारं लिक्विड नको, त्यानं कापड शोषेनासं होतं. पाणी अगदीच कमी असेल त्या दिवशी गार पाण्यात पिळून वाळवून ठेवायचे आणि नळ आला की साबणानं धुवायचे. तोवर ते पुन्हा लावायचे नाहीत. म्हणजे चारांवर भागणार नव्हतं, दहा-बारा तरी हवेत.

एवढे विकत घेणं तिला परवडणारं नव्हतं, पण शिलाई तर हातातच होती. बाहेरून सुती कापडाची पिशवी आणि आत टॉवेलचा सुटा तुकडा, असे पॅड तिनं घरीच शिवले. आतला तुकडा वेगळा निघत असल्यामुळे तो उलगडून लवकर वाळतो. जाड शिवून टाकलेला पॅड वरून कोरडा लागतो, पोटात मात्र ओला असतो. कोऱ्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते दोन-तीनदा धुतल्याशिवाय पाणी शोषत नाही, हे तिनंच मला सांगितलं!

कामावर असताना दर चार-पाच तासांनी पॅड बदलायचा, वापरलेला आतल्या बाजूनं घडी करून चेनच्या पाऊचमध्ये ठेवायचा आणि घरी गेल्याबरोबर भिजवायचा. रात्रभर पाऊचमध्ये राहिला की वास बसतो.

उरला दोरीचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी सासूबाईंना बोलावून घेतलं. आयुष्यभर विड्या वळलेल्या त्या बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “आम्ही तर पत्र्याच्या फटीत कोंबायचो.” गच्चीवर टाकीमागं दोरी त्यांनीच बांधून घेतली. सोलापूरच्या उन्हात पातळ तुकडे दुपारपर्यंत खडखडीत होतात. पावसाळ्यात टॉवेलच्या तुकड्यांना इस्त्री फिरवायची, पण विकतच्या बहुतेक कापडी पॅडना खाली प्लास्टिकचा थर असतो, त्यांना नाही.

दुसऱ्या रात्री अंगावरून जास्त जातं, तेव्हा ती अजूनही बाजारातला पॅड लावते. त्यात काही बिघडत नाही. तो कागदात गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळा द्यायचा, एवढं तिला सांगितलं आहे.